गृहिणीचा खाडा कसा मांडावा

कोल्हापुरातल्या बहुतेक स्वयंपाकघरांच्या भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते आणि तिच्यावर पंचांगापेक्षा घरचा हिशेबच अधिक असतो. म्हशीचे दूध कोणत्या दिवशी आले नाही, भांडी घासायला येणाऱ्या मावशींचे किती खाडे झाले, गॅसची टाकी कधी लावली, हे सगळे तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलेले असते. लिहिणारी अर्थातच घरातली गृहिणी असते. महिना संपला की ती या खुणा मोजून सर्वांचे पैसे चुकते करते. मात्र त्या तीस चौकोनांत तिचा स्वतःचा खाडा कुठेच नसतो, कारण तो पडलेलाच नसतो. अंगात ताप असला तरी रात्री कणीक मळून ठेवून मगच ती आडवी झालेली असते. हा खाडा आधी ठरवून, घरच्यांना सांगून आणि दिनदर्शिकेवर लिहून कसा घ्यावा, आणि तो घेता यावा म्हणून आधी घरात काय काय हलवावे लागते, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

पहिले पंधरा दिवस नुसते लिहावे

आपण नेमके कशाने दमतो हे आठवून सांगता येत नाही. त्यासाठी लिहावे लागते. मुलांची एखादी अर्धी उरलेली वही घ्या आणि पंधरा दिवस तिच्या एका पानावर हाताने केलेली कामे व समोरच्या पानावर नुसती लक्षात ठेवलेली कामे लिहा. नळाला पाणी केव्हा येणार, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या, पालकसभा कोणत्या शनिवारी आहे, नणंदेच्या नातवाच्या बारशाला काय न्यायचे, मेथी आज संपवली नाही तर उद्या टाकावी लागेल, ही सगळी दुसऱ्या पानावर जातात. ज्या वेळी चिडचिड झाली, रडू आले किंवा मुलावर उगाच हात उगारला गेला, त्या वेळेसमोर एक फुली मारा. कारण लिहीत बसू नका. फुल्या जमल्या की ते आपोआप दिसू लागते.

केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, 2019 साली घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या आणि तशी कामे करणारे पुरुष 97 मिनिटे. 2024 च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली आणि तेवढ्यात पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली, हे वाचून मला हसू आले होते. पण पोळी भाजताना डोक्यात चाललेले दळणाचे आणि आहेराचे गणित मिनिटांत मोजणे कठीणच असते, आणि माझा अनुभव असा की बाईला थकवते ते हेच दुसऱ्या पानावरचे काम, कारण त्याला ना सुरुवात असते ना शेवट.

माझ्या स्वतःच्या वहीत सकाळच्या धावपळीपुढे एकही फुली नव्हती. बहुतेक फुल्या संध्याकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान पडल्या होत्या, म्हणजे मी ज्या वेळी घरातल्या प्रत्येकाला रात्री काय करू असे विचारत होते आणि प्रत्येकजण "काहीही कर" म्हणून मोकळा होत होता. स्वयंपाकाचा मला कंटाळा नव्हता. कंटाळा होता तो रोज ठरवण्याचा. उपाय अगदी साधा निघाला. आता आमच्याकडे रविवारी सकाळी घरातल्या प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या वाराची रात्रीची भाजी सांगायची आणि ती दिनदर्शिकेच्या कडेला लिहायची असते. ज्याने सांगितली नाही त्याच्या वारी पिठले-भात ठरलेला असतो. तुमच्या वहीतल्या फुल्या दुसऱ्याच वेळी पडलेल्या निघतील, म्हणून माझा उपाय उचलण्याआधी तुमची वही पाहा.

काम द्यायचे ते आख्खे द्यावे

फुल्या कुठे पडतात हे कळले की यादीतले काही दुसऱ्याच्या डोक्यात हलवायचे असते. येथे 'मदत' हा शब्द घात करतो. नवरा मदत करतो म्हटले की काम बायकोचेच आहे हे दोघांनीही कबूल केलेले असते. सांगेल तेव्हा तो करणार आणि सांगायची आठवण तिनेच ठेवायची. दळणाचेच उदाहरण घ्या. डबा तळाला गेला हे पाहणे, गहू चाळून निवडणे, गिरणीत ठेवणे, वेळेत आणणे आणि पीठ गार झाल्यावर डब्यात भरणे, एवढे मिळून दळण होते. यातला फक्त आणण्याचा भाग दुसऱ्याने केला तर तुमच्या खांद्यावरचे ओझे उतरते, डोक्यातले नाही.

"पुरुषांना स्वयंपाकघरातले कळत नाही" हे म्हणणे निदान कोल्हापुरात तरी कोणी ऐकून घेऊ नये. रस्सा मंडळ जमवून पंचवीस-तीस माणसांचा तांबडा आणि पांढरा रस्सा रानात चुलीवर करणारे, मटण कोणत्या दुकानातून आणि कोणत्या भागाचे आणायचे यावर तासभर बोलणारे आणि मीठ किंचित कमी पडले तर चेहऱ्यावरून ओळखणारे हेच पुरुष घरी जिऱ्याचा डबा कुठे आहे म्हणून हाक मारतात. कौशल्य आहे, तेव्हा प्रश्न उरतो तो कोणाची जबाबदारी एवढाच.

एका वेळी एकच काम द्या आणि ते भांडणात देऊ नका. दुपारची जेवणे होऊन घर शांत झालेले असताना सांगा. मी सांगितले होते ते असे: "या महिन्यापासून दळण तुमच्याकडे. डबा रिकामा झालेला मी सांगणार नाही. पीठ नसेल त्या दिवशी भात करीन." यानंतरचा भाग सर्वांत अवघड असतो, कारण डबा रिकामा होताना दिसत असूनही तोंड मिटून राहावे लागते. आमच्याकडे सलग दोन दिवस भात झाला. तिसऱ्या दिवशी पिशवी आपली आपण गिरणीकडे गेली आणि त्यानंतर दळणाचा विषय माझ्या वहीत आलेला नाही. आपण मध्येच आठवण केली असती तर ते काम त्याच क्षणी परत आपल्याकडे आले असते. औषधे, मुलांची फी, विजेचे बिल अशी चुकल्यास नुकसान होणारी कामे मात्र सुरुवातीला देऊ नयेत.

सासूबाई घरात असतील तर वाट वेगळी असते. त्यांनी जन्मभर एकही खाडा घेतलेला नसतो आणि सुनेचा खाडा हा त्यांना आपल्या कष्टांवरचा शेरा वाटू शकतो. त्यांच्याशी नवऱ्यामार्फत बोलू नये, स्वतः बोलावे, आणि बोलण्याची सुरुवात त्यांच्याच खाड्यापासून करावी. एप्रिल-मेमध्ये कांदा-लसूण चटणीचा घाट घातला जातो, तेव्हा मिरच्यांची देठे काढण्यापासून डंकावरून चटणी कुटून आणेपर्यंत चार-पाच दिवस घर त्यातच असते. चटणी संपल्यावरचा एक दिवस दोघींनीही चुलीपुढे जायचे नाही, असे मी सुचवले तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग त्यांनीच वार ठरवला. प्रत्येक घरी असे होईल असे मी म्हणत नाही.

प्रत्यक्ष खाडा

सुरुवात अर्ध्या दिवसाने करावी. महिन्यातला एकच वार ठरवून, सकाळी दहा ते दुपारी तीन, अशी वेळ दिनदर्शिकेवर पेनाने लिहावी. पेन्सिलीने लिहिलेले खोडले जाते. त्या वेळेत दवाखाना, बँक, लग्नाची खरेदी किंवा आजारी नातेवाइकाची भेट घालू नये, कारण तीही कामेच आहेत. घराबाहेर पडावे, कारण घरात बसून विश्रांती घेऊ म्हटले तरी नजर ओट्यावर जाते आणि हात फडक्याकडे. कुठे जावे हा प्रश्न मात्र खरोखरच पडतो. आपल्या शहरात पुरुषांसाठी तालमी आहेत, पेठापेठांत तरुण मंडळे आहेत, गंगावेशीत दूध पिण्यासाठीसुद्धा कट्टा आहे. बाईने एकटीने तासभर नुसते बसावे अशा जागा त्या मानाने थोड्या आहेत. रंकाळ्याच्या काठाने चालत जाऊन बसता येते. 1850 पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. अंबाबाईच्या मंदिरात गर्दी नसलेल्या वारी दर्शन झाल्यावर प्रांगणात टेकता येते, फक्त त्या दिवशी कोणाच्या नवसाचे काही बरोबर घेऊ नये. मैत्रिणीकडे जाणार असाल तर तिचाही त्या दिवशी खाडा आहे ना हे पाहावे, नाहीतर ती चहा-पोह्यांच्या मागे लागते.

पहिल्या खेपेला अपराधी वाटते. मी पहिल्या दिवशी तीनऐवजी एकलाच घरी परतले होते, तर घरात बाहेरून मिसळ आणवून सगळे जेवले होते, सिंकमध्ये कट असलेल्या वाट्या पडल्या होत्या आणि कोणाला माझी आठवणही झालेली नव्हती. थोडे वाईट वाटले, हे कबूल करते. आपल्यावाचून घर चालते हे पाहण्याची तयारी ठेवावी लागते. परतल्यावर पडलेल्या भांड्यांबद्दल बोलू नये आणि ती घासूही नयेत. ठरलेल्या वेळेपर्यंत ती तशीच राहू द्यावीत.

नवरात्रात खाडा ठरवू नये, तो टिकत नाही. गावोगावचे नातेवाईक देवीच्या दर्शनाला येतात आणि आलोच आहोत तर डोकावून जाऊ म्हणत दहा दिवसांत चार-पाच कुटुंबे उतरतात. त्यांना नाही म्हणण्याची आपली रीत नाही आणि म्हणूही नये. पण येण्याआधी फोन करावा एवढे आधीच सांगून ठेवता येते, प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळा बेत न करता दहाही दिवस एकच ठरीव बेत ठेवता येतो, आणि दसऱ्यानंतरच्या आठवड्यातला एक पूर्ण दिवस महालयातच लिहून ठेवता येतो.

थोडे पैशाबद्दल

खाड्याच्या दिवशी हातात स्वतःचे पैसे असावेत, कारण चहाच्या पैशांचा हिशेब द्यावा लागला की खाड्याची मजा जाते. स्वतःच्या एकटीच्या नावाचे बँक खाते ठेवावे. लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये ज्यांना मिळतात त्यांच्या खात्यात ते थेट जमा होतात. त्यातला थोडा तरी भाग घरखर्चात न मिसळता बाजूला ठेवावा. भिशीला जरूर जावे, कारण महिन्यातून एकदा हक्काने चार बायका भेटतात, पण ओळखीच्या बायकांतली भिशी नुसत्या विश्वासावर चालते, म्हणून सगळी बचत तिच्यात गुंतवू नये.

खाडा घेऊनही बरे वाटत नसेल तर

दोन-तीन खाडे घेऊन, कामे हलवूनही थकवा जात नसेल तर तो मनाचा आहे असे समजून घरात बसू नका. आधी रक्त तपासा. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजला जातो आणि त्याने जिना चढताना धाप लागणे, चिडचिड, कशातच लक्ष न लागणे हे सगळे होऊ शकते. थायरॉइडची तपासणीही सोबतच करून घ्यावी. चाळिशीच्या पुढे पाळी अनियमित होऊ लागते तेव्हा झोप उडते आणि मन उगाच भरून येते. त्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी स्पष्ट बोलावे.

तपासण्या ठीक असूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टीतही गोडी उरली नसेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल किंवा आपण सगळ्यांना ओझे झालो आहोत असे विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. प्रत्यक्ष भेटायचे असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मनोविकार विभाग आहे. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नये. त्याच दिवशी फोन करावा आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी माणसाला जवळ बसवून घ्यावे.

मारहाण, उपाशी ठेवणे, पैसे अडवणे, सतत अपमान करणे हे ज्या घरात चालते तेथे हा खाड्याचा सगळा मार्ग लागू नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मारहाणीबरोबरच मानसिक आणि आर्थिक छळही येतो. महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे आणि तातडीच्या वेळी 112.

नव्या वर्षाची दिनदर्शिका साधारण डिसेंबरमध्ये घरात येते. तिच्यावर सण, वाढदिवस आणि लग्नाच्या तारखा चढण्याआधी ती एकदा एकटीने उघडून बारा महिन्यांतले बारा चौकोन पेनाने भरून टाकावेत, आणि मगच ती खिळ्याला अडकवावी.