लुलुर आणि बोरेह : जावा-बालीच्या लेपांची रीत

बालीतल्या कोणत्याही स्पाच्या दरपत्रकात लुलुर आणि बोरेह ही दोन नावे शेजारी शेजारी छापलेली असतात, आणि बहुतेक पर्यटक त्यांतून निवड करतात ती वासावरून किंवा किमतीवरून. दोन्ही लेपांत तांदळाची पिठी असली तरी त्यांची कामे अगदी निराळी आहेत. लुलुर जावाचा आहे आणि तो कांतीसाठी लावतात. बोरेह बालीचा आहे. पावसात व चिखलात भाताच्या खाचरांतून राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरी तो अंगात ऊब आणण्यासाठी वाटला जात असे. त्यामुळे उन्हाने त्वचा रापली किंवा कोरडी पडली असेल तर लुलुर घ्यावा, आणि पावसात भिजून अंग कसकसत असेल, पायांत गोळे येत असतील, तर बोरेह घ्यावा. समुद्रकिनाऱ्यावर दिवस घालवून भाजलेल्या त्वचेवर मात्र दोन्ही नकोत. बोरेह तर मुळीच नको.

लुलुरचे माहेर म्हणजे योग्यकार्ता आणि सुराकार्ता येथील राजवाडे, म्हणजे क्राटोन. विवाहापूर्वी वधूला घरात ठेवून तिच्या अंगाला रोज हा लेप लावण्याची, परंपरेनुसार चाळीस दिवसांची, चाल तेथे होती. आपल्याकडच्या अभ्यंगाप्रमाणेच येथेही आधी तेलाचे मर्दन होते आणि मग लेप लागतो. ज्यांनी दिवाळीत उटणे लावले आहे, त्यांना हा क्रम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

घरी लुलुर करायचा असल्यास अर्धी वाटी तांदूळ तीन-चार तास भिजत घालावेत, निथळावेत आणि रवाळ वाटावेत. गुळगुळीत वाटलेला लेप अंगाला चिकटून बसतो व त्याचा मळ सुटत नाही, म्हणून बोटांना कण लागला पाहिजे. त्यात एक चहाचा चमचा हळद, तेवढेच उगाळलेले चंदन आणि लागेल तेवढे पाणी घालावे. जावात हळदीबरोबर तेमु गिरिंग नावाचा कंदही घालतात. तो नसेल तर त्याच कुळातली आंबेहळद चालते. खोबरेल तेलाने अंग चोळून झाल्यावर लेप पातळ थरात लावावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. लेप पुरता कडक होण्याआधीच, म्हणजे कडा पांढरट दिसू लागून मध्यभाग अजून दमट असताना, तळहाताने गोल चोळायला लागावे. तेव्हा पिठाच्या बारीक वळ्या होऊन गळू लागतात. लुलुरचे खरे काम याच टप्प्यावर होते, आणि घाईच्या दुकानात नेमका हाच टप्पा पाण्याने धुऊन उरकला जातो. यानंतर स्पामध्ये थंड दही अंगभर लावतात, कोमट पाण्याने धुतात आणि शेवटी फुलांच्या पाण्याने स्नान घालतात. त्याच दिवशी वॅक्सिंग केले असेल तर हा लेप पुढे ढकलावा. हळदीचे डाग जात नाहीत, तेव्हा पंचा जुनाच घ्यावा.

बोरेहसाठी दोन मोठे चमचे तांदळाच्या पिठीत एक चहाचा चमचा सुंठ, एक चमचा चंदन, अर्धा-अर्धा चमचा दालचिनी व जायफळ, पाव चमचा लवंग आणि चिमूटभर मिरपूड एवढे मसाले पुरेत. कुलिंजन मिळाले तर अवश्य घालावे. कोमट पाण्यात कालवून आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून पाहावे, आणि आग न झाल्यासच पायांपासून सुरुवात करून पाठीपर्यंत जावे. चेहरा व कोवळी त्वचा वगळावी. पाच ते दहा मिनिटांत अंग तापते. त्याहून अधिक वेळ ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. लेप चोळून काढल्यावर बालीत किसलेले गाजर अंगावर चोळतात, त्याच्या ओलाव्याने कोरडी पडलेली त्वचा निवते. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि रक्तदाबाचे रुग्ण यांनी बोरेहच्या वाटेला जाऊ नये.

तेथे जाऊन हे उपचार घेणाऱ्याने आधी लेप ताजा कालवतात की डब्यातून काढतात, एवढे विचारावे. बालीतल्या उबुद गावाच्या परिसरात बाजूंनी उघड्या मंडपात, म्हणजे बालेमध्ये, मर्दन करतात. वारा व पाण्याचा आवाज आत येतो आणि दमट हवेत लेप सावकाश सुकतो. वातानुकूलित बंद खोलीत तो पटकन कडक होतो, म्हणून जागेची निवड ही निव्वळ हौस नव्हे. मर्दन जोराचे वाटल्यास ‘पलान’ म्हणजे हळू, आणि दुखल्यास ‘साकित’ हे दोन शब्द पुरतात.

स्नानाची जुनी स्थळे पाहायची असल्यास योग्यकार्त्यातील तामान सारी हे सुलतान हमेंगकुबुवोनो पहिले यांच्या काळातले, 1758 मध्ये बांधण्यास सुरुवात झालेले जलोद्यान आहे. तेथे आज हौद नुसते पाहता येतात. बालीत तांपाकसिरिंग येथील तीर्ता एम्पुल, ज्याची स्थापना इसवी सन 962 ची मानतात, हे मात्र चालते मंदिर आहे. तेथील मलुकात हा शुद्धीचा विधी आहे, त्याला स्पा समजू नये. सारोंग, म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचे वस्त्र, नेसूनच पाण्यात उतरावे, आणि मृतांच्या विधीसाठी राखलेल्या धारांखाली उभे राहू नये.

उपचारानंतर जामू, म्हणजे वनौषधींचे पेय, देतात. 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जामूची परंपरा समाविष्ट झाली. हळद-चिंचेचा कुन्यित आसाम आपल्या जिभेला लगेच रुचतो. लेपाची तयार भुकटी न्यायची असल्यास योग्यकार्त्याच्या बेरिंगहार्जो बाजारात ती मिळते. रंग फार भडक पिवळा असेल ती पुडी सोडून द्यावी, आणि घेतलेली भुकटी कोरड्या डब्यात ठेवून पुढच्या पावसाळ्याआधी संपवावी.