घरच्या योकवर सेसना उडवताय? या चुका टाळा

उभ्या सेसना १७२ या छोट्या विमानाच्या शेपटीकडे जा, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) हाताने हळूच उचला आणि दुसऱ्या कुणाला आत बघायला सांगा. पॅनलकडे पुढे सरकून पडलेला योक (विमानाचं स्टिअरिंगसारखं हँडल) आपोआप मागे येतो. हात काढला की एलेव्हेटर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो आणि योक परत पुढे. मध्यावर येऊन थांबणं वगैरे भानगडच नाही. योक आणि एलेव्हेटर यांच्यामध्ये मुख्यतः तारा आणि पुली आहेत. घरच्या, संगणकाला जोडायच्या योकसारखी मध्यावर खेचणारी स्प्रिंग तिथे नाही.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा सिमवर (संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर) माझे दोनेकशे तास झाले होते, आणि तरीही मी खुळ्यासारखा तीनदा एलेव्हेटर वर-खाली करून पाहिला.

घरचा योक बाकी बऱ्याच बाबतीत ठीक असतो, पण जोराच्या बाबतीत तो सरळ खोटं बोलतो. घरी तुम्ही जितकं ओढाल तितकी स्प्रिंग ताणते. विमान उभं असो की १२० नॉटवर, हाताला फरक नाही. खऱ्या सेसनात तो जोर वाऱ्याचा असतो आणि वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० नॉटवरून १२० वर गेलात की तेवढ्याच हालचालीला साधारण चौपट जोर लागतो. उलट स्टॉल (वेग पडून पंखांची उचल सुटणं) जवळ आला की योक ढिला, पोकळ लागतो आणि हातालाच कळतं की काहीतरी बिनसतंय. पुढच्या बहुतेक चुका हे खोटं सेटिंगमधून झाकायला गेल्यामुळे होतात.

ट्रिमने विमान चालवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. तक्रार नेहमीची: ‘विमान सारखं डुलतं, नाक वर जातं, खाली येतं, उंची धरतच नाही.’ लोक योकला शिव्या देतात. दोष बहुतेक वेळा ट्रिमच्या (योकवरचा भार काढून टाकणाऱ्या यंत्रणेच्या) बटणाचा असतो. बटण दाबून धरलं की ट्रिम धावत सुटतो, मग तो मागे घ्यायचा, मग परत पुढे.

खऱ्या विमानात क्रम असा: योकने नाक हवं तिथे ठेवायचं, पॉवर लावायची, वेग स्थिर होऊ द्यायचा आणि मग हातावरचा भार जाईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवायचं. योक जिथे आहे तिथेच राहतो, फक्त हलका होतो. म्हणजे ‘मोकळी’ जागा स्वतःच सरकते.

घरी ती जागा सरकत नाही, स्प्रिंगचा मध्य ठरलेला. त्यामुळे दोन्ही हातांना एकाच वेळी उलटसुलट काम करावं लागतं. योक ओढून नाक धरा, ट्रिमची एक टिचकी द्या, नाक जितकं उचलायला लागेल तितकाच योक मध्याकडे सोडा. परत एक टिचकी, परत थोडं सोडा. योक मध्यावर पोचेपर्यंत नाक क्षितिजावरून हललं नाही, तर जमलं. पहिले चार दिवस हे डोक्याला त्रास देतं, मग हात शिकतो. शक्य असेल तर ट्रिम बटणाऐवजी चाकावर लावा. आणि खऱ्या विमानात बसायचा योग आला, तर ही सोडायची सवय मात्र घरीच ठेवून जा. मी ट्रिम करता करता योक सोडत गेलो आणि नाक भसकन खाली. शेजारी बसलेले सर एवढंच म्हणाले, ‘हात हलवू नकोस रे, फक्त हलका होऊ दे.’

कर्व्ह वाकवत बसणं

हनीकोंब अल्फासारखा योक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १८० अंश फिरतो, जुना सायटेक किंवा त्याचाच लॉजिटेक अवतार फक्त ९०. एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) मात्र दोन्हीकडे पूर्णच फिरतात. म्हणजे ९० अंशवाल्याच्या प्रत्येक अंशाला दुप्पट परिणाम. मग विमान ‘फार तिखट’ वाटतं आणि माणूस मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या सेन्सिटिव्हिटीत (योक किती हलवला की विमान किती हलेल, तो कर्व्ह) जाऊन उणे ५०, उणे ६० टाकून मोकळा होतो.

आडव्या उड्डाणात हे छान वाटतं. पण लँडिंगच्या फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलताना) वेग कमी असतो आणि योक बराच मागे घ्यावा लागतो. वाकवलेल्या कर्व्हमध्ये सुरुवातीच्या ओढण्याला विमान ढिम्म, आणि जरा अजून ओढलं की एकदम उसळी. ‘माझं लँडिंग नेहमी उड्या मारतं’ म्हणणाऱ्यांनी आधी एलेव्हेटरचा कर्व्ह बघावा. ९० अंशवाल्या योकला एलेरॉनवर उणे २०-३० चालेल, एलेव्हेटरवर त्याहून कमी. १८० अंशवाल्याला शक्यतो सरळ रेषाच ठेवा. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये स्टॅबिलिटी ऑगमेंटेशन नावाची, विमान आपोआप सावरणारी सरकपट्टी आहे, ती शून्यावर न्या. ती वर असली की विमान गोगलगाय होतं आणि तुम्हाला वाटतं आपणच सुधारलो.

डेडझोनचंही (मध्याजवळची जी हालचाल सिम मोजतच नाही, तिचं) तसंच. हॉल सेन्सरवाल्या (चुंबकाने हालचाल मोजणाऱ्या) योकला तो जवळजवळ लागत नाही. जुन्या पोटेन्शिओमीटरवाल्याची (घासत फिरणाऱ्या सेन्सरवाल्याची) सेटिंगमधली रेघ थरथरत असेल तर दोन-तीन टक्के द्या, दहा नको.

जड म्हणजे खरा, असं समजणं

रबरबँड लावून, जादा स्प्रिंग घालून योक जड करणारे पुष्कळ आहेत. मीही केलंय. हात दुखला, खरेपणा काही आला नाही. ट्रिम केलेली सेसना दोन बोटं आणि अंगठ्यावर उडते. मुठीत आवळून धरायची ती वस्तूच नाही. खरा त्रास जडपणाचा नसतो, अडखळण्याचा असतो. स्वस्त योक मध्यावर खटकन अडकतो आणि तिथून किंचित हलवायला गेलं की जास्तच हलतो. दांडा पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. घरातला गंज काढायचा स्प्रे प्लॅस्टिकवर मारू नका. (खऱ्या जुन्या ट्रेनर विमानाचा योकही काही लोण्यासारखा फिरत नाही, तारा आणि पुली आपलं वय सांगतात.)

जोराचा प्रश्न खरोखर सोडवतो तो मोटरवाला फोर्स फीडबॅक योक. ब्रुनर, मोझा असे बनवतात. किंमत बघून आधी घरात विषय काढा.

डायनिंग टेबलावर चढवलेला योक

टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच, त्यावर योकचं खोकं, म्हणजे हात छातीपाशी. खांदे वर, कोपरं हवेत, अर्ध्या तासात मान गेली. सेसनात योक खाली असतो, हात मांडीशी विसावतो. खुर्ची चढवा आणि पेडलखाली फळी ठेवा, नाहीतर योक कीबोर्डच्या खालच्या ट्रेवर न्या. एवढ्याने जितका फरक पडतो तितका मला कुठल्याच सेटिंगने मिळालेला नाही.

एअरबससाठी योक

ए३२० ला योकच नाही, साइडस्टिक आहे, आणि ती खरोखर स्प्रिंगवर मध्यावर येते. ट्रिम नेहमीच्या उड्डाणात विमानच करतं. म्हणजे इथे साध्या जॉयस्टिकचं सुख योकपेक्षा खरं. स्टिक ढकलून कल दिला की सोडायची, कल तसाच राहतो. योकवाले मात्र वळण संपेपर्यंत धरून बसतात आणि विमान जास्तच कलतं. बोइंग ७३७ ची गोष्ट तिसरीच. एलेव्हेटर हायड्रॉलिकवर हलतो आणि हाताला लागणारा भार एक वेगळी यंत्रणा वेगाच्या हिशेबाने तयार करते. थोडक्यात, तिथेही भार बनवलेलाच असतो, फक्त फार हुशारीने.

‘विमान एका बाजूला झुकतं’

आधी विंडोजमधली गेम कंट्रोलर्सची खिडकी उघडा आणि हात काढल्यावर फुली मध्यावर येते का बघा. येत नसेल तर कॅलिब्रेशन करा. येत असेल तर सिममध्ये त्याच अक्षावर दुसरं काही लागलंय का ते तपासा. गेमपॅड जोडलेला असेल तर त्याची स्टिकसुद्धा एलेरॉनवर बसलेली असते आणि दोघं भांडतात. योक मधेच मेल्यासारखा होत असेल तर हब काढून थेट संगणकाला जोडा आणि यूएसबीची वीजबचत बंद करा.

हे सगळं ठीक असूनही विमान कलतंय? इंधनाच्या टाक्या बघा. १७२ मध्ये इंधनाची निवड ‘बोथ’ (दोन्ही टाक्या) वर असली तरी दोन्ही टाक्या सारख्या रिकाम्या होत नाहीत. जमिनीवर विमान डावीकडे जातंय म्हणून योक स्टिअरिंगसारखा फिरवत असाल, तर तिथे काम पायांचं आहे. आणि फक्त पूर्ण पॉवरवर चढतानाच डावीकडे ओढत असेल तर योकला हात लावू नका, उजवं पेडल दाबा.