ट्रीटमेंट चालू आहे आणि डॉक्टर म्हणाले माइंडफुलनेस कर, तर सुरू कसं करायचं

माझ्या भाचीला डॉक्टरांनी गोळ्या आणि काउन्सेलिंगसोबत माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे ऐकू येते, जाणवते त्याकडे लक्ष देणं, हे पण सांगितलं होतं, आणि आम्ही मोठ्यांनी तिला पहिल्याच दिवशी डोळे मिटून वीस मिनिटं बसवलं. चूक झाली आमची. तिची धडधड वाढली, किती वेळ रडून राहिली होती.

म्हणून तू डोळे उघडेच ठेव आणि दोनच मिनिटं कर. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर दिवसभर चालूच असते ना, त्याचाच आवाज ऐक, पंख्याची घरघर वेगळी, आत पाणी पडते तो आवाज वेगळा, ओल्या खसचा वास येते तो पण घे. मन मधेच केमिस्ट्रीच्या पेपरवर जाईल, जाऊ दे, मनात फक्त 'गेलं' म्हण आणि परत आवाजावर ये. पन्नासदा गेलं तरी तुझं काही चुकलं नाही, परत आणणं हीच प्रॅक्टिस आहे.

थंडीत संत्र घे. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत जो 8 आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला त्यात एका मनुक्यावर हे करतात, आपल्याकडे तर संत्री आहेत. साल सोलताना बोटांवर उडणारा फवारा, फोडीवरचे पांढरे धागे, मग एकच फोड तोंडात आणि ती फुटते तेव्हाची चव, घाई नको.

श्वासाकडे लक्ष दिलं की काहींची घाबरगुंडी वाढते. तसं झालं तर श्वासाकडचं लक्ष सोड, चप्पल काढून तळपाय फरशीवर टेकव, थंड लागते का पाहा, तरी बरं नाही वाटलं तर थांब आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना नक्की सांग. रात्रीच्या गोळीला जोडून केलं की विसरत नाही, पण बरं वाटून राहिलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर तेव्हा हे करत बसू नको, लगेच घरात कोणाला तरी उठव, किंवा 14416 वर फोन लाव, टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्री पण चालते, मराठीत बोलता येते.

आणि आईबाबा, रोज "केलं का, केलं का" विचारू नका. मोबाईल आत ठेवून तिच्या बाजूला दोन मिनिटं तुम्ही पण कूलर ऐका.