बेल ४१२ : इंजिने सुरू करण्यापूर्वी दोन थ्रॉटलची तयारी

बेल ४१२ या दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरच्या कलेक्टिव्हवर (पात्यांचा कोन बदलून हेलिकॉप्टर वर-खाली नेणाऱ्या, डाव्या हाताच्या दांड्यावर) दोन ट्विस्ट ग्रिप, म्हणजे इंधन कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलच्या फिरत्या मुठी, एकापुढे एक बसवलेल्या असतात. प्रत्येक मूठ एका इंजिनाची असली तरी दोन्ही एकाच डाव्या हाताच्या पकडीत येतात, म्हणून कोणत्याही कृतीपूर्वी कोणती मूठ कोणत्या इंजिनाची हे तोंडाने उच्चारून आणि सहवैमानिकाकडून होकार घेऊन पक्के करावे. मोटारसायकल चालवणाऱ्याने मनगटाच्या जुन्या सवयीवर मुळीच विसंबू नये.

स्टार्टरला हात लावण्याआधी प्रत्येक मूठ पूर्ण उघडून ती कुठे अडकत तर नाही ना हे पाहावे आणि मग ती आयडल स्टॉपपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या मंद वेगापाशी मूठ अडवणाऱ्या टप्प्यापर्यंत, परत आणावी. तेथे ती थांबलीच पाहिजे. त्या इंजिनाचे आयडल स्टॉप रिलीज बटण दाबल्यावरच ती पूर्ण बंद व्हावी. बटण न दाबता मूठ या टप्प्यापलीकडे बंदच्या दिशेने सरकत असेल, तर उड्डाणात मनगटाच्या एका चुकीने चालते इंजिन बंद पडू शकते, तेव्हा असा दोष आढळल्यास तयारी तिथेच थांबवावी. दोन्ही मुठींचे घर्षण हाताला जमेल इतके ठेवावे, मात्र एक मूठ फिरवताना दुसरी सोबत सरकता कामा नये. कलेक्टिव्ह पूर्ण खाली आहे आणि दोन्ही गव्हर्नरचे (वेग आपोआप राखणाऱ्या यंत्रणांचे) स्विच ऑटोवर आहेत, हेही पाहून घ्यावे.

पहिले इंजिन सुरू करताना मूठ बंद ठेवून स्टार्टर द्यावा आणि गॅस प्रोड्युसरचा (इंजिनातील हवा दाबून इंधन जाळणाऱ्या भागाचा) वेग १२ टक्के झाल्यावरच ती आयडलपर्यंत उघडावी. त्याआधी इंधन सोडले तर ज्वाला थंड ठेवण्याइतकी हवा इंजिनात खेळत नसते आणि टर्बाइनचे तापमान भराभर चढते. ते मर्यादेकडे धावताना दिसले, तर मूठ तत्काळ बंद करावी. मात्र स्टार्टर चालूच ठेवावा, म्हणजे उरलेली उष्णता बाहेर फेकली जाते. सर्व सुरळीत असेल, तर वेग साधारण ६१ टक्क्यांवर स्थिरावतो.

खरी कसोटी दुसऱ्या इंजिनाची. दोन्ही इंजिने एकाच संयुक्त गिअरबॉक्सला फ्रीव्हील क्लचमार्फत (जोर एकाच दिशेने पुढे देणाऱ्या जोडणीने) जोडलेली आहेत, त्यामुळे दुसऱ्याच्या पॉवर टर्बाइनच्या (गिअरबॉक्स फिरवणाऱ्या भागाच्या) वेगाचा काटा चढत जाऊन पहिल्याच्या काट्याला सावकाश मिळताना दिसला पाहिजे. काटा मिळण्याऐवजी पुढे निघून गेला आणि त्या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) शून्याजवळच राहिला, तर क्लच जुळलेला नाही असे समजावे. अशा वेळी घाईने जुळलेल्या इंजिनाची मूठ बंद करण्याचा मोह होतो, पण क्रम उलटा आहे: न जुळलेल्या इंजिनाची मूठ आधी बंद करावी, ते पूर्ण थांबू द्यावे आणि मगच जुळलेले इंजिन बंद करावे. क्रम चुकल्यास मोकळे धावणारे इंजिन मंदावणाऱ्या गिअरबॉक्सला एकाएकी जुळून मोठा हिसका बसू शकतो. असा हिसका बसलाच, तर दोन्ही इंजिने बंद करून यंत्र देखभाल पथकाकडे सोपवावे. पुन्हा सुरू करून पाहू नये.

गव्हर्नरची हस्तचालित चाचणी एका वेळी एकाच इंजिनावर आणि मूठ आयडलवर असतानाच करावी. स्विच मॅन्युअलवर गेल्यावर इंधनाचे प्रमाण थेट मूठच ठरवते. म्हणून ती अगदी थोडी उघडून इंजिनाचा प्रतिसाद पाहावा, परत आयडलवर आणावी आणि मगच स्विच ऑटोवर न्यावा. ही चाचणी कंटाळवाणी वाटते, पण गव्हर्नर निकामी झाल्यावर हातात हीच पद्धत उरते.

यानंतर दोन्ही मुठी एकामागून एक, सावकाश, पूर्ण उघडाव्यात. उड्डाणात त्या तशाच राहतात आणि रोटरचा (वरच्या फिरत्या पात्यांचा) वेग गव्हर्नर सांभाळतात. १०० टक्के म्हणजे मिनिटाला ३२४ फेरे. जमिनीवर असतानाच इंजिन बंद पडल्याची तालीम बोलून घ्यावी: गॅस प्रोड्युसर, तापमान आणि टॉर्क हे तिन्ही पाहून दोषी इंजिन ओळखणे, त्याची मूठ आधी फक्त आयडलवर आणणे, रोटरचा वेग टिकला हे पाहणे आणि त्यानंतरच आयडल स्टॉपचे बटण दाबणे. जुहूहून समुद्रावर तेलफलाटांकडे जाणाऱ्या वैमानिकांनी ही तालीम दर फेरीआधी करावी, कारण तेथे चुकीची मूठ बंद झाली तर खाली उतरायला पाणीच असते.