युद्धकाळातल्या फोटोतले लष्करी बिल्ले ओळखताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातला पणजोबांचा वर्दीतला फोटो हाती आला की नजर जाते दंडावरच्या चित्राकडे, आणि तिथेच घोळ होतो. ते चिन्ह पलटणीचं नसतं, डिव्हिजनचं (अनेक पलटणींच्या तुकड्या मिळून झालेल्या मोठ्या दळाचं) असतं. गरुड चौथ्या भारतीय डिव्हिजनचा, क्लोव्हरची पानं आठव्याची, झुंजीचा कोंबडा तेविसाव्याचा. त्या डिव्हिजनमधले मराठे, पंजाबी, गोरे, तोफखानावाले सगळेच ते लावत. म्हणून आधी पलटण शोधा: खांदापट्टीच्या टोकाशी असलेली पितळी अक्षरं आणि टोपीवरचा बिल्ला. पलटण मराठा लाइट इन्फन्ट्री ठरली की मग दंडावरचं चिन्ह उपयोगी पडतं. इटलीत तिची पहिली बटालियन आठव्या डिव्हिजनमध्ये होती, तिसरी दहाव्यात. चौथी इंफाळकडे तेविसाव्यात.

खांद्यावर दोन तारे म्हणजे लेफ्टनंट, असंही बेधडक लिहिलं जातं. सुभेदारालाही दोनच तारे असत, जमादाराला एक. फरक ताऱ्याखालच्या आडव्या फितीत आहे (लाल-पिवळी-लाल). फोटो १२०० डीपीआयला स्कॅन करून खांदा मोठा करा. कडेला गडद, मध्ये फिकी अशी पट्टी दिसते का बघा.

दंडावरच्या, टोक खाली असलेल्या फिती हुद्द्याच्या: एक लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. मनगटाजवळच्या, टोक वर असलेल्या बारीक फिती यात मोजू नका.

महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावरून तर काळच कळतो. रेजिमेंट १९४१ ची, सुरुवातीच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ. आडव्यातिडव्या व्हिकर्स मशीनगन १९४६ नंतर आल्या, स्तंभाच्या जागी खंजीर त्याहून पुढे. मशीनगन दिसत असतील तर फोटो युद्धातला नाही, घरचे काहीही सांगोत.

छातीवरच्या पदकांच्या रिबनचे रंग कृष्णधवल छटेवरून ठरवू नका. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल जवळजवळ काळा उतरतो आणि निळा फिका. पट्टे मोजा. इटली स्टारला सारखे पाच, १९३९-४५ स्टारला सारखे तीन. बर्मा स्टारला मधला रुंद, बाजूचे अरुंद.

रिबन जवानाच्या उजव्या छातीवर दिसली तर बहुधा निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे. कोटाची बटणं तपासा: डावी बाजू वर हवी.