प्रोस्टेटसाठी प्रोटॉन घ्यायला निघण्याआधी

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी प्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनच्या झोताचं रेडिएशन, घ्यायचं मनात असेल तर बॅग भरायच्या आधी डॉक्टरांना एक प्रश्न विचाराच: आम्हाला प्रोटॉनच कशासाठी? विचारताना संकोच करू नका, चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. नेहमीच्या लाइटमधले (रेडिएशनला आपल्याकडे लाइट म्हणतात), म्हणजे आयएमआरटीचे, एक्स-रे शरीरातून आरपार जातात. प्रोटॉन मात्र ठरवलेल्या खोलीवर आपली बरीचशी ऊर्जा टाकतो आणि तिथेच थांबतो. लहान मुलांच्या मेंदूतल्या किंवा मणक्याजवळच्या गाठींसाठी हा फरक फार मोलाचा आहे. प्रोस्टेटचं गणित थोडं वेगळं पडतं. प्रोस्टेटच्या वर लघवीची पिशवी आणि मागे गुदाशय, दोन्ही अगदी चिकटून. त्यामुळे त्यांच्या लगतच्या भागाला जास्त डोस दोन्ही पद्धतींत पोचतोच. 2024 मध्ये अमेरिकेत पार्टिकॉल या चाचणीचे निकाल मांडले गेले. तिच्यात 450 पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं होतं, एका गटाला प्रोटॉन आणि दुसऱ्याला आयएमआरटी. दोन वर्षांनी शौचाच्या, लघवीच्या आणि लैंगिक तक्रारींत फरक दिसला नाही, आणि कॅन्सर आटोक्यात राहण्याचं प्रमाणही सारखंच निघालं. दोन्ही गटांचे निकाल चांगले होते, हे महत्त्वाचं.

म्हणून अगदी कळकळीने सांगतो, केवळ प्रोस्टेटच्या प्रोटॉनसाठी जमीन विकू नका, मुलीच्या लग्नाची ठेव मोडू नका. टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलच्या, नवी मुंबईत खारघरला असलेल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये 2023 पासून आणि चेन्नईच्या अपोलोमध्ये 2019 पासून प्रोटॉन मिळतं. तिथल्या डॉक्टरांनी तुमचा एमआरआय पाहून ‘तुमच्या बाबतीत याचा हा फायदा’ असं नेमकं सांगितलं आणि खर्च झेपणारा असेल, तर जरूर घ्या. पण परवडत नाही म्हणून आयएमआरटी घेतलं, तर वडिलांवर अन्याय झाला असं घरातल्या कोणीही मनात आणू नये. आजार अगदी कमी धोक्याचा असेल तर सध्या काहीच न करता नियमित तपासण्यांवर लक्ष ठेवणं चालेल का, हेही याच भेटीत विचारून घ्या.

प्रोटॉन ठरलं की कागदांकडे वळा. बायॉप्सीचा पूर्ण रिपोर्ट हवा, त्यात ग्लीसन स्कोअर आणि ग्रेड ग्रुप, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे याचे आकडे, लिहिलेले असतात. पीएसए या रक्ततपासणीचे जुन्यापासून नव्यापर्यंत सगळे आकडे तारखांसह एका पानावर लिहून काढा. एमआरआय आणि पेट स्कॅनचे नुसते रिपोर्ट पुरत नाहीत, सीडी लागतात. सर्वांत जास्त खोळंबा होतो तो स्लाइड आणि ब्लॉकपायी. मोठ्या हॉस्पिटलात बायॉप्सी पुन्हा तपासतात. त्यासाठी काचेच्या स्लाइड आणि मेणातले ब्लॉक मूळ लॅबमधून सोडवून आणावे लागतात, आणि लॅब ते अर्ज केल्याशिवाय देत नाही. गाव सोडण्याआधी हे काम उरका. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी काही गोष्टी आपणहून सांगा. खुब्याचा सांधा बदलला असेल तर सर्वांत आधी सांगा. प्रोस्टेटसाठी प्रोटॉनचा झोत बहुधा दोन्ही बाजूंनी खुब्यातून आत सोडतात आणि धातू वाटेत आला की झोत नेमका किती खोल जाईल याचा हिशेब बिघडतो. पेसमेकर, प्रोस्टेटचं दुर्बिणीचं ऑपरेशन, आतड्याची जुनी सूज, आधी ओटीपोटावर घेतलेली लाइट, हेही सांगा. रात्री किती वेळा उठावं लागतं, धार कशी आहे, हे सांगताना आपली माणसं लाजतात आणि ‘तसं ठीक आहे’ म्हणून मोकळी होतात. काकूंना सोबत आत घेऊन जा, त्या खरं सांगतात.

प्लॅनिंगच्या, म्हणजे झोत कुठे सोडायचा हे ठरवण्याच्या, स्कॅनआधी बऱ्याच ठिकाणी प्रोस्टेटमध्ये सोन्याचे तांदळाएवढे मार्कर बसवतात, म्हणजे रोज नेम धरताना खूण सापडते. काही ठिकाणी प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यामध्ये जेल भरून अंतर वाढवतात. ते पुढे आपोआप विरघळतं. त्याचा खर्च वेगळा असतो का, ते आधी विचारा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती केव्हा थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारून ठरवा. स्टेंट असलेल्याने स्वतःच्या मनाने एक दिवसही ती बंद करू नये. हार्मोनचं इंजेक्शन सांगितलं असेल तर ते किती महिने आणि कुठे घ्यायचं, तेही लिहून घ्या.

आता पाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण रोजची खरी तारांबळ इथेच उडते. प्लॅनिंगच्या दिवशी लघवीची पिशवी जेवढी भरलेली होती, साधारण तेवढीच ती रोज भरलेली हवी आणि गुदाशय रिकामा हवा. पिशवी भरलेली असली की तिचा बराच भाग आणि आतडी झोतापासून दूर राहतात. केंद्र सांगेल तसं, आधी लघवीला जाऊन मग ठरलेलं पाणी प्यायचं आणि ठरलेला वेळ थांबायचं. याची सवय घरीच करा. एकच बाटली ठेवा, तिच्यावर खूण करा आणि पाणी प्यायल्यावर किती मिनिटांनी ‘आता जावंसं वाटतंय’ असं होतं ते घड्याळात पाहा. बीपीची लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिची वेळ बदलून घ्यावी लागते. वेटिंगमध्ये हातात बाटली धरून बसलेले, सारखं घड्याळाकडे पाहणारे आजोबा दिसतील. मशीनला उशीर झाला की त्यांचा चेहरा बघवत नाही. अशा वेळी कळ सोसत बसू नका, टेक्निशियनला सांगा. थोडी लघवी करून पुन्हा पाणी पिता येतं, ते रागावत नाहीत.

पोटात गॅस असेल तर गुदाशय फुगतो आणि प्रोस्टेट जागचा हलतो. टेबलावर स्कॅनमध्ये गॅस दिसला की खाली उतरवून चालायला पाठवतात आणि मग सगळं पहिल्यापासून. त्यामुळे प्लॅनिंगच्या आधीपासूनच वाल, पावटा, हरभरा, कोबी, उसळी आणि सोडा बंद ठेवा. मुगाची खिचडी, भात-वरण, दुधी, पडवळ चालतं. बद्धकोष्ठ असेल तर औषध डॉक्टरांकडूनच घ्या, कोणी सांगितलेला काढा नको. आणि उपवास! साबुदाणा आणि शेंगदाण्याने पोट जड होतं, निर्जळी एकादशीला तर पिशवी भरणारच नाही. विठोबा समजून घेईल, उपचार संपेपर्यंत उपवास घरातल्या दुसऱ्याने करावेत. वजनही फार कमी-जास्त होऊ देऊ नका. झोताची खोली तुमच्या अंगाच्या जाडीवरून ठरवलेली असते.

राहण्याची सोय केंद्राजवळ पाहा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने टाटाच्या किती पेशंटना आसरा दिलाय याला गणती नाही, पण तिथून रोज खारघर गाठणं म्हाताऱ्या माणसाला, तेही पिशवीची ही कसरत सांभाळून, जड जातं. पूर्वी आठ-नऊ आठवडे लाइट चालायची, आता अनेक ठिकाणी 20 बैठका म्हणजे चार आठवडे, आणि काही निवडक पेशंटना 5 बैठकाही देतात. तुमच्या किती, हे लेखी घ्या. मशीन मोठं आणि नाजूक असतं, ते मधूनच देखभालीसाठी थांबतं. म्हणून परतीचं तिकीट शेवटच्या दिवसाचं काढू नका. विम्याची मंजुरी ‘प्रोटॉन’ या नावाने लेखी हवी, नुसत्या रेडिएशनच्या मंजुरीवर विसंबू नका. कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक असलेला पायजमा ठेवा, पट्ट्याची पँट नको.

झोत चालू असतो तेवढी मिनिटं काहीच दुखत नाही. घरी आल्यावर अंगातून किरणं बाहेर पडत नाहीत, नातवंडांना खुशाल मांडीवर घ्या. पुढच्या काही आठवड्यांत थकवा येईल, लघवी घाईने आणि जळजळून होईल. ते बहुतेकांचं हळूहळू उतरतं. लघवी पूर्ण अडली, ताप आला किंवा रक्ताच्या गाठी पडल्या, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. पीएसए लगेच शून्यावर येत नाही, सावकाश उतरतो आणि मध्येच थोडा वर जाऊन परत खालीही येतो. तो एकच आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून सगळ्या घराची झोप उडवू नका. पहिल्या तपासणीची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या आणि त्या दिवशी ते पीएसएचं पान सोबत न्या.