पंप सुरू केला की मीटरचा डिस्प्ले बंद: माझा अनुभव

डिझेल पोचवणाऱ्या टँकरवरचा इलेक्ट्रॉनिक मीटर एरवी व्यवस्थित चालायचा. पीटीओ (इंजिनाच्या ताकदीवर पंप चालवणारी जोडणी) लावून व्हॉल्व्हचा सोलेनॉइड (विजेवर व्हॉल्व्ह उघडणारी कॉइल) चालू केला की डिस्प्ले क्षणभर विझायचा आणि डिलिव्हरी मध्येच तुटायची. सगळ्यांचा संशय मीटरच्या कार्डावर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डवर. मला पटेना, कार्डच बिघडलं असतं तर ते सोलेनॉइडची वाट कशाला बघेल?

गाडी आधी इंधनाच्या वाफांपासून लांब, मोकळ्यावर घेतली. अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी) वायर मल्टिमीटरवर ओहममध्ये तपासली तर जवळपास शून्य. इथेच बरेच जण फसतात. ओहम मोजताना मल्टिमीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. वायरीतली एखादी तार शाबूत असली तरी रीडिंग छान येतं. म्हणून सोलेनॉइड चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप (वाटेत वाया जाणारं व्होल्टेज) पाहिला: एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा मीटरच्या निगेटिव्हवर. अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, तो 6 च्या वर! म्हणजे 24 व्होल्टच्या गाडीत मीटर उपाशी.

चासीवरचा अर्थचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) रंगावरच कसलेला, खाली गंज. बॅटरीची जोडणी काढली, पत्रा चकचकीत घासला, नवा लग क्रिंप करून (वायरीवर दाबून बसवून) वर ग्रीस लावलं. मीटरची अर्थ सोलेनॉइडपासून वेगळी करून थेट बॅटरीपर्यंत नेली. ड्रॉप 0.1 वर आला.

जाता जाता, पल्सरच्या (इंधनाच्या प्रवाहाचे पल्स मीटरला पाठवणाऱ्या सेन्सरच्या) केबलचं शील्ड, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आवरण, कोणीतरी दोन्ही टोकांना अर्थ केलं होतं. पल्सरकडचं टोक सोडवलं, मीटरकडचं ठेवलं. मीटरवरच्या वजनमाप खात्याच्या सीलला हात लावावा लागला नाही, हे बरंच झालं.